रडक्या सशाची मागची बाजू

पोझनानच्या येझित्से बाजारामागे जी गल्ली आहे, तिथल्या एका तिसऱ्या मजल्यावर दोब्रोख्नाबाई शुल्त्स राहतात. दारावर पितळी पाटी, पाटीवर नाव, आणि खाली ‘शपथपूर्वक अनुवाद, पोलिश-इंग्रजी’. त्याखाली बाईंनी स्वतः लिहून चिकटवलेली चिठ्ठी: ‘घंटी एकदाच वाजवावी. मला ऐकू येतं.’ चिठ्ठी पिवळी पडली, बाई एकाहत्तरीच्या झाल्या, पण ऐकू अजून येतं. शेजारच्या कुनेगुंदाबाईंच्या मते तर जरा जास्तच येतं.

बाईंकडे सरकारनं दिलेला गोल शिक्का आहे. त्यांनी केलेल्या इंग्रजी कागदावर तो उमटला, की तो कागद मूळ कागदाइतकाच खरा धरायचा. असे शिक्केवाले शहरात पुष्कळ आहेत. कुणी लग्नाचे दाखले करतं, कुणी जुन्या मोटारींचे कागद. दोब्रोख्नाबाईंनी स्वतःसाठी जो कोपरा धरला त्याचं नाव काढलं की लोक घड्याळाकडे बघायला लागतात: व्यापारचिन्हांचा कायदा. बरणीवरचं चित्र कुणाचं, बिस्किटावरचं जहाज कुणाचं, आणि ते कुणी किती वर्षं कुणापासून राखायचं, याचे नियम. त्या नियमांतले पोलिश शब्द धडपणे इंग्रजीत नेऊन पोचवण्यात बाईंची चाळीस वर्षं गेली, आणि ती फार मजेत गेली असं त्या कुणालाही ऐकवतात.

सुरुवात मात्र फजितीनं झाली होती. १९८४ साली त्या लोणची आणि मुरंबे परदेशी पाठवणाऱ्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होत्या. लंडनच्या गिऱ्हाइकाला पत्र लिहिताना त्यांनी व्यापारचिन्हाला जो इंग्रजी शब्द घातला, त्याचा अर्थ निघाला ‘मालावर लावायची पाटी’. लंडनहून अगदी सभ्य उत्तर आलं: पाटी किती फुटांची आहे, आणि खिळे तुम्ही पाठवणार की आम्ही आणायचे? साहेबांनी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्या खात्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई त्या दिवशी घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “झेनोन, आजपासून प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. शब्द, त्याचं इंग्रजी, कुठे सापडला, कोणत्या तारखेला. पुन्हा कुणी मला खिळे विचारता कामा नये.”

पण कार्डं आणायची कुठून? तेव्हा दुकानात साधा कागद मिळायची मारामार, तिथे जाड कार्डांचं नावच नको. उपाय झेनोनच्या ताटात निघाला. झेनोनला ख्शान लागायची. ख्शान म्हणजे पांढरं मूळ किसून केलेली चटणी. एक चमचा पोटात गेला की नाकातून धूर निघतो आणि डोळ्यांना धारा लागतात. झेनोन ती अंड्यावर, मटणावर, नुसत्या पावावरसुद्धा खायचा आणि सुखानं रडायचा. येझित्सेच्या बाजारात मातुशाक घराण्याचा गाळा होता. त्यांच्या प्रत्येक बरणीच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला एक जाड पुठ्ठा असायचा. एका बाजूला रुमालानं डोळे पुसणारा ससा, दुसरी बाजू कोरी. तळहाताएवढा, वर सुतळीचं भोक. बाईंनी तो पुठ्ठा उलटापालटा करून पाहिला आणि त्यांना जगातलं सगळ्यात उत्तम कार्ड सापडलं.

तेव्हापासून बाईंच्या घरात ख्शान आली ती पुठ्ठ्यासाठी. पुढे राज्य बदललं, दुकानं कार्डांनी भरून वाहू लागली, पण बाई काही बदलल्या नाहीत. बाहेरची कार्डं त्यांना गुळगुळीत वाटायची, शाई बसत नाही म्हणायच्या. त्यांना स्वतःला ख्शान मुळीच आवडत नाही. झेनोन गेल्यावरही त्या बरण्या आणतच राहिल्या. पुठ्ठा काढून घ्यायचा आणि बरणी कुनेगुंदाबाईंकडे पोचती करायची. कुनेगुंदाबाईंना वाटायचं हे शेजारधर्माचं प्रेम आहे. ते काही अंशी होतंही.

प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात दोन गोष्टी असत: तारीख आणि रजिस्टरचा आकडा. शिक्केवाल्या अनुवादकाला एक रजिस्टर ठेवावंच लागतं. केलेला प्रत्येक अनुवाद त्यात नंबरानं आणि तारखेनं चढतो, आणि सरकारी तपासनीस कधीही येऊन ते बघू शकतो. बाई ज्या कामात तो शब्द भेटला त्याचा नंबर कार्डावर टाकायच्या. वर जागा उरली तर मनातलं काहीबाही. ‘हा शब्द वकिलांना कळत नाही, फक्त वापरतात.’ ‘इथे इंग्रज गप्प बसतो, आपणही बसावं.’ अशी शेकडो कार्डं चार बुटांच्या खोक्यांत होती आणि ती खोकी कुणीही उघडायची नाहीत असा दंडक होता.

दंडकातून एकालाच सूट मिळाली होती, सेवेरिन लिसला. सहा वर्षं हा मुलगा बाईंच्या टेबलाशी बसून हे काम शिकला. हक्क ‘विझणं’ आणि हक्क ‘रद्द ठरणं’ यांतला फरक बाईंनी त्याला स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून शिकवला. फुंकर मारून म्हणाल्या, “ही विझली. आतापर्यंत उजेड होता, आता नाही.” मग तोंडात काडीपेटी कोंबल्यासारखा चेहरा करून बसलेल्या त्या पोराला न पेटवलेली मेणबत्ती दाखवली. “आणि ही कधी लागलीच नव्हती असं समजायचं. ज्याचा हक्क रद्द होतो, त्याचा कालचा उजेडही जातो.” सेवेरिन ते कधी विसरला नाही. बाईंचं सूप प्यायचा, झेनोनशी बुद्धिबळ खेळायचा आणि खेळात मुद्दाम हरायचा. बाईंना तो पोटच्या पोरासारखा होता.

आणि त्याच सेवेरिननं २०२१ च्या शरदात, अनुवादकांनी भरलेल्या सभागृहात उभं राहून बाईंना खोडून काढलं. मुद्दा ‘प्राव्हो ओख्रोन्ने’चा होता, म्हणजे पोलिश कायद्यात चिन्हावर मिळतो तो संरक्षणाचा हक्क. बाईंचा आग्रह असा, की तो इंग्रजीतही ‘राइट ऑफ प्रोटेक्शन’ म्हणूनच गेला पाहिजे. आपल्या कायद्याला लंडनचा कोट चढवायचा नाही. सेवेरिन म्हणाला, “वाचणारा तिकडे अडखळतो. त्याच्या ओळखीचं ‘ट्रेडमार्क रजिस्ट्रेशन’ म्हटलं की काम होतं. बाईंबद्दल मला आदर आहे, पण ही पद्धत जुनी झाली.” सभागृहात टाळ्या पडल्या. झेनोनला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. बाई घरी आल्या, खोक्यातून एक कोरं कार्ड काढलं, त्यावर काय ते लिहिलं आणि खोकं बंद केलं. त्यानंतर तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

अशात २०२४ च्या ऑक्टोबरात एका सोमवारी घंटी एकदाच वाजली. दारात वालेंती मातुशाक उभा होता, ख्शानवाल्या घराण्यातला आताचा कर्ता. साठीचा, आडवा, आणि बगलेत फुगलेली फाईल.

“या वालेंतीराव. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय लंगडा आहे.”

“दोब्रोख्नाबाई, माझा ससा चालला,” तो बसायच्या आधीच म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाहेरदेशच्या एका बड्या सॉसवाल्या कंपनीनं अख्ख्या युरोपासाठी रडणाऱ्या सशाचं चिन्ह मागितलं होतं. वालेंतीनं हरकत घेतली. कंपनीनं उलट विचारलं: गेल्या पाच वर्षांत तुम्ही तुमचा ससा खरोखर वापरलात हे दाखवा. तारखांसह, इंग्रजीत, वीस नोव्हेंबरच्या आत.

“चाळीस वर्षं निम्मं पोझनान माझ्या सशाबरोबर रडतंय, आणि मला विचारतात वापरलात का.”

“निम्मं पोझनान फाईलला जोडता येत नाही, वालेंतीराव. पावत्या असतीलच की.”

“ढीगभर आहेत. पण पावतीवर काय लिहितो माणूस? ‘ख्शान, लहान बरणी’. सशाचं नाव कशाला कोण लिहील? आणि पुठ्ठ्यावर ससा आहे तर तारीख नाही. वकीलबाई म्हणतात, तारखेला ससा नाही आणि सशाला तारीख नाही, असं आपलं झालंय.”

“नाही जमलं तर?”

“तर हरकत फेटाळली जाईल. मग ते वॉर्साच्या चिन्हनोंदणी कचेरीत जाऊन म्हणतील, हा वापरतच नाही, याचा हक्क विझवा. मग मी कोऱ्या पुठ्ठ्याची बरणी विकायची.” वालेंतीनं नाक ओढलं. “आईनं काढलाय हो तो. पेलागियानं. ख्शान किसता किसता आरशात स्वतःचं तोंड बघून काढला. कान तेवढे नंतर लावले.”

बाईंना पेलागिया आठवत होती. सुट्टे पैसे देताना कायम डोळे पुसणारी बाई. ती आरशापुढे बसून स्वतःला सशाचे कान लावतेय, हे चित्र बाईंच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी फाईल ओढून घेतली आणि कामाला लागल्या. वरच्या हक्कपत्राचा अनुवाद आधी. चित्राचं वर्णन चौकटी कंसात: ससा, दोन पायांवर उभा, उजव्या हातात रुमाल, डोळ्यांतून तीन थेंब. शिक्के, सह्या, हाताच्या खुणा, सगळं कंसात. पान उलटून पाहिलं आणि नेहमीप्रमाणे शेवटी लिहिलं, ‘मागची बाजू कोरी’. शपथेच्या अनुवादात कोरी बाजूसुद्धा सांगावी लागते, नाहीतर उद्या कुणी म्हणायचं, मागे काहीतरी होतं ते अनुवादकानं लपवलं.

“आता ‘खरा वापर’ म्हणजे नेमकं काय ते ऐका,” बाई म्हणाल्या, “म्हणजे काय शोधायचं ते तुम्हाला कळेल.” त्यांनी तिसऱ्या खोक्यातून कार्ड काढलं, चष्मा खाली ओढला आणि कार्ड डोळ्यांसमोर धरून वाचायला लागल्या. “माल बाजारात खपवण्यासाठी केलेला वापर. निव्वळ हक्क टिकवण्यापुरता नाममात्र नव्हे. काय हो, ऐकताय ना?”

वालेंती ऐकत नव्हता. तो समोर बसून कार्डाच्या पाठीकडे टक लावून बघत होता.

“बाई,” तो म्हणाला, “तुमच्या हातात माझी आई आहे.”

दोब्रोख्नाबाईंनी कार्ड उलटं केलं. रुमालवाला ससा त्यांच्याकडे बघून रडत होता. आणि दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात, त्यांच्याच अक्षरात, ३ एप्रिल २०२३ आणि रजिस्टरचा आकडा होता.

बाईंना एवढी शरम क्वचित वाटली असेल. चाळीस वर्षं लोकांच्या प्रत्येक चिठोऱ्याची मागची बाजू बघून शिक्का मारणारी बाई, आणि स्वतःच्या कार्डांना पाठ असते हे तिला दुसऱ्यानं दाखवावं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग खोकं सरळ टेबलावर पालथं केलं. ससेच ससे. जुने, हिरव्या शाईतले; मधले, जरा लठ्ठ; आणि अलीकडचे, ज्यांचा रुमाल वालेंतीच्या सुनेनं चौकड्यांचा करून घेतला होता.

“हा चौकडीचा कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“२०१९ चा ईस्टर.”

दोघं मग जमिनीवर बसले. एकाहत्तरीची बाई आणि साठीचा बाप्या वर्षावर्षाचे ससे लावत होते. कुनेगुंदाबाई वाटीभर पीठ मागायला आल्या त्या तिथेच बसल्या. २०१९ ची नऊ कार्डं निघाली. २०२० ची चौदा. २०२२ ची सहा, २०२३ ची अकरा, २०२४ ची सात. २०२१ चं एकच.

“का हो एकच?” वालेंतीनं विचारलं.

“त्या वर्षी झेनोन गेला. काम फार केलं नाही.” बाईंनी ते एकटं कार्ड उचललं, वाचलं, आणि पदराआड काही लपवावं तसं पटकन एप्रनच्या खिशात टाकलं.

वकीलबाई दुसऱ्या दिवशी धावत आल्या. तरुण, चटपटीत, बोलताना टेबलावर बोटं वाजवणाऱ्या. कार्डं बघून त्यांचा आनंद खोलीत मावेना. ससा आहे, तारीख आहे, तारखेला सरकारी रजिस्टरचा आधार आहे, आणि साक्षीदार असा की ज्याला ख्शान आवडतसुद्धा नाही. यापेक्षा निःपक्ष माणूस शोधूनही मिळाला नसता.

“पण तीन गोष्टी आहेत, बाई. तुम्ही साक्षीदार झालात, म्हणजे अनुवाद तुम्हाला करता येणार नाही. आपल्याच साक्षीवर आपलाच शिक्का चालत नाही.”

“कळतं मला. दुसरी?”

“मूळ कार्डं प्रकरण संपेपर्यंत आमच्या तिजोरीत. कोणी मागितली तर दाखवावी लागतील.”

बाईंनी एकदा चारही खोक्यांकडे बघितलं. आपल्या कार्डांशिवाय त्यांनी चाळीस वर्षांत एक दिवस काम केलं नव्हतं. “आणि तिसरी?”

“अनुवाद दोन्ही बाजूंचा लागेल. सशाचा आणि तुमच्या लिखाणाचा. हे शब्द धडपणे करणारा शहरात तुमच्याखेरीज एकच माणूस आहे.”

नाव घ्यायची गरजच नव्हती. आजही येऊन बसलेल्या कुनेगुंदाबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

“२०२१ चं एखादं कार्ड मिळालं तर सोन्याहून पिवळं,” वकीलबाई निघता निघता म्हणाल्या. “मधलंच वर्ष रिकामं दिसलं तर समोरचे त्याच भोकात बोट घालतील.”

त्या गेल्यावर बाईंनी खिशातलं कार्ड टेबलावर ठेवलं. कुनेगुंदाबाईंनी ते न विचारता वाचलं, कारण त्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट विचारून वाचली नव्हती. वर ‘प्राव्हो ओख्रोन्ने’, खाली ‘राइट ऑफ प्रोटेक्शन’, तारीख, आकडा. आणि उरलेल्या जागेत बारीक अक्षरात: ‘आज सेवेरिननं भरल्या सभेत सांगितलं की हे जुनं झालं. सेवेरिन गाढव आहे. सहा वर्षं मी गाढवाला सूप पाजलं. झेनोन असता तर हसला असता. मला हसू येत नाही.’

“अगं बाई,” कुनेगुंदाबाई म्हणाल्या. “आणि हे त्यालाच इंग्रजीत करायला द्यायचं?”

“दुसरं कोण आहे?”

“हरवलं म्हण. एक कार्ड हरवू शकतं माणसाचं. वय झालंय तुझं.”

“माझं वय झालेलं नाही आणि कार्ड हरवलेलं नाही. शपथ घेतली आहे मी, कुनेगुंदा.”

“शपथ दुसऱ्याच्या कागदांची घेतलीस. हे तुझं स्वतःचं आहे.”

बाईंनी त्यावर दोन दिवस विचार केला. त्या दोन दिवसांत त्यांनी बटाटे दोनदा करपवले. पेलागिया आरशापुढे बसलेली दिसायची, आणि तिच्या मागे भरलेलं सभागृह टाळ्या वाजवताना दिसायचं. आपला राग किती खरा होता आणि किती पोरकट, हे आता त्यांना सांगता येत नव्हतं. शेवटी गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःवरच चिडून ते कार्ड बाकीच्यांत ठेवलं, त्यावर पेन्सिलीनं छोटा चोवीस आकडा घातला आणि फोन उचलला.

सेवेरिन त्याच संध्याकाळी आला. घंटी एकदाच वाजली. तीन वर्षांत त्याचे केस विरळ झाले होते आणि मफलर मात्र तोच होता, झेनोननं दिलेला. ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

“नमस्कार, बाई.”

“नमस्कार. बूट बाहेर काढ, फरशी पुसली आहे.”

तो आत आला, खोकी बघितली, आणि देवळात आल्यासारखा हळू आवाजात बोलायला लागला. बाईंनी अट्ठेचाळीस कार्डांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला.

“दोन्ही बाजू करायच्या.”

“ते तुम्हीच शिकवलंत.”

“माझं इंग्रजी जिथे लिहिलं आहे तिथे ते तसंच ठेवायचं. सुधारायचं नाही.”

“नाही सुधारणार.”

“आणि समासातल्या बारीकसारीक नोंदीसुद्धा. सगळ्या. चोवीस नंबरच्या कार्डासकट. एक अक्षर गाळलंस तर मला कळेल.”

“चोवीसमध्ये काय आहे?”

“ते तुला वाचता येतं,” बाई म्हणाल्या आणि आत भांडी घासायला गेल्या, जी आधीच घासलेली होती.

त्यानंतरचे दिवस बाईंचा जीव टांगणीला लागला. वालेंती रोज फोन करून ससा कुठवर आला विचारायचा. बाई म्हणायच्या, मी साक्षीदार आहे, मला काही विचारू नका. सेवेरिनचा फोन नाही, निरोप नाही. आपण त्याला गाढव म्हटलं याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा पुन्हा राग येत होता.

अकरा नोव्हेंबरला संत मार्चिनची सुट्टी. सगळं शहर खसखशीचं सारण भरलेले रोगाल खात रस्त्यावर आलेलं. दुपारी घंटी वाजली. एका हातात रोगालांचा खोका आणि दुसऱ्या हातात दोऱ्यानं शिवलेला, लाखेनं बंद केलेला जाड अनुवाद घेऊन सेवेरिन उभा होता.

“मूळ प्रत वकीलबाईंकडे दिली. ही तुमची.”

बाईंनी रोगालाकडे बघितलंसुद्धा नाही. उभ्यानंच पानं उलटत त्या चोवीसवर पोचल्या. पुढची बाजू: ससा, दोन पायांवर उभा, रुमाल चौकडीचा, थेंब तीन. मागची बाजू: संज्ञा, तिचं इंग्रजी, तारीख, आकडा. आणि मग सगळं, अगदी सगळं. सेवेरिन गाढव आहे. सहा वर्षं सूप. झेनोन असता तर. इंग्रजी स्वच्छ होतं, कुठे मऊ केलेलं नाही, कुठे तिखट केलेलं नाही. खाली चौकटी कंसात अनुवादकाची टीप होती: ‘उल्लेखिलेली व्यक्ती म्हणजे प्रस्तुत अनुवादक. विधान खरं की खोटं यावर अनुवादक मत देत नाही. अनुवाद मुळाबरहुकूम आहे. सूप चांगलं होतं.’

त्याखाली गोल शिक्का.

बाईंना आधी हसू आलं, मग ते थांबेना, आणि मग डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी एप्रननं डोळे पुसले. त्यांच्याकडे बघून सेवेरिन म्हणाला, “थेंब तीन,” आणि त्यानंतर त्याचंही काही खरं राहिलं नाही.

“सुपाची ओळ सरकारी कागदात चालते का रे?”

“वकीलबाईंनी हरकत घेतली. मी म्हटलं, टीप अनुवादकाची असते.”

“आणि राइट ऑफ प्रोटेक्शन?”

“अठरा वेळा लिहिलं. मला अजून पटलेलं नाही.” तो खाली बसला, नेमका लंगड्या स्टुलावर, आणि सावरला. “पण झेनोनकाकांना जाऊन पाच महिने झाले होते, आणि मी सभेत ते बोललो. ते बोलायची जागा हे टेबल होतं. तेवढं मला कार्ड वाचल्यावर कळलं. आधीच कळायला हवं होतं.”

“हवं होतं,” बाई म्हणाल्या. “सूप गरम करते.”

कागद मुदतीत पोचले. त्यानंतर सुरू झालं थांबणं, आणि त्या थांबण्यात बाईंची खरी पंचाईत झाली. कार्डं तिजोरीत आणि कामं तर येतच होती. पहिल्याच आठवड्यात एक शब्द अडला. इंग्रजी जिभेवर होतं आणि हाताशी येत नव्हतं. बाईंनी नऊ वाजता फोन लावला.

“सेवेरिन, तुझ्याकडे त्या अनुवादाची प्रत आहे ना? ‘आधीचा हक्क’ याला मी काय लिहिलं होतं?”

पानं उलटल्याचा आवाज आला. “कार्ड एकतीस. वाचू?”

“वाच.”

असं रोज होऊ लागलं. सकाळी नऊला फोन. बाई शब्द विचारायच्या, सेवेरिन कार्ड वाचायचा, तारखेपर्यंत. मग दोघं त्या शब्दावरून भांडायचे, अगदी टेबलाशी भांडायचे तसे. कुनेगुंदाबाई भिंतीपलीकडून ऐकायच्या आणि आपल्या मैत्रिणींना सांगायच्या की दोब्रोख्नानं गाढव परत पाळलंय.

त्याला वर्ष उलटून गेलं. दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या जरा आधी वालेंती जिना धापा टाकत चढला आणि घंटी चार वेळा वाजवली. बाई चिठ्ठी दाखवायला दार उघडत होत्या, तोवर त्यानं त्यांना मिठी मारली. हरकत मान्य झाली होती. ससा मातुशाकांचाच. निकालात साक्षीदाराच्या कार्डांना अख्खा परिच्छेद दिला होता, दोन्ही बाजूंसह. त्या कंपनीनं आता म्हणे रडणारा कांदा मागितला आहे.

“कांद्यावर माझी हरकत नाही,” वालेंती म्हणाला. “आई कांद्याला रडली नाही कधी.” मग त्यानं दाराबाहेरून ख्शानच्या बारा बरण्यांची पेटी आत ओढली, आणि वर ठेवलेलं बुटाचं खोकं बाईंच्या हातात दिलं. “तुमची कार्डं. अट्ठेचाळीसच्या अट्ठेचाळीस. सेवेरिन होता वकीलबाईंकडे, त्यानंच मोजून दिली आणि गाडीपर्यंत आणली.”

त्या रविवारी बाईंनी कार्डं एकेक करून आपापल्या जागी लावली. चोवीस नंबरचं कार्ड त्यांनी थोडा वेळ हातात धरलं. खोडायचं काही मनात आलं नाही. मागची-पुढची, दोन्ही बाजू बघितल्या आणि ठेवून दिलं.

सोमवारी सकाळी टेबलावर नवं काम होतं. एका चॉकलेटवाल्याचा खटला, आणि दुसऱ्याच ओळीत ‘वाईट हेतूनं केलेला अर्ज’. बाईंनी खोकं उघडलं. कार्ड वरच होतं, त्यांनी ते काढून समोर ठेवलं. घड्याळात नऊ वाजत होते. त्यांनी फोन लावला.

“सेवेरिन, ‘वाईट हेतूनं अर्ज’ याला मी काय लिहिलं होतं रे?”

कार्डं बाईंच्या घरी पोचल्याचं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“कार्ड सतरा,” सेवेरिन म्हणाला. “वाचू?”

“वाच,” बाई म्हणाल्या, आणि समोरच्या कार्डावरून बोट फिरवत त्याच्याबरोबर तारखेपर्यंत गेल्या.